चौथी सीट

मराठी व्याकरण माझी थट्टा करतं, हे मला पहिल्यांदा कळलं ते सहावीच्या वर्गात. विद्यार्थिनी म्हणून नव्हे, शिक्षिका म्हणून. फळ्यावर सर्वनामं मांडून मी विचारलं, "'मी'. पुरुष कोणता?" "प्रथम पुरुष!" वर्गानं पाढे म्हणायच्या सुरात उत्तर दिलं. तेवढ्यात खिडकीजवळच्या बाकावरून एक हात वर आला. "पण बाई, तुम्ही तर बाई आहात." वर्ग हसला, मीही हसले, आणि हातावरचा खडू झटकत व्याकरणातला पुरुष वेगळा आणि घरातला वेगळा, असं काहीबाही सांगून वेळ मारून नेली. मुलीचं समाधान झालं नाही. तिच्या वेण्यांच्या रिबिनीसुद्धा अविश्वासानं ताठ उभ्या होत्या. खरं म्हणजे माझंही समाधान अजून झालेलं नाही. बाईनं 'मी' असं लिहिलं की ती क्षणभर पुरुष होते, तोही पहिल्या नंबरचा, आणि वाक्य संपता संपता 'गेले', 'आले' म्हणत पुन्हा पदर सावरून घरात येते.

हे आठवायला निमित्त झालं ते आमच्या डोंबिवलीतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्याचं. कट्ट्यानं यंदा हस्तलिखित दिवाळी अंक काढायचं ठरवलं आणि माझ्या वाट्याला विषय आला 'माझा अविस्मरणीय अनुभव', शब्दमर्यादा पंधराशे. जन्मभर मराठी शिकवलं म्हणजे लिहिताही येत असणारच, असा एक समज असतो. हलवायाला गोड आवडत असणारच, तसा. मी होकार दिला, नवी वही आणली, पहिल्या पानावर 'मी' असं लिहिलं आणि त्या दीर्घ वेलांटीकडे बघत चहाचे दोन कप संपवले. याच गावात राहिलेल्या पु. भा. भाव्यांनी आपल्या आत्मचरित्राचं नावच 'प्रथमपुरुषी एकवचनी' असं ठेवलं होतं. केवढा ठाम माणूस! दारावर पाटी लावावी तसं ते नाव. माझ्या 'मी'ला मात्र स्वतःच्याच घराची बेल वाजवायची भीती वाटत होती.

या भीतीला कारण आहे. एकतीस वर्षं मी मुलांना आत्मकथा लिहायला लावल्या, पण कुणाच्या? फाटक्या पुस्तकाच्या, पडक्या किल्ल्याच्या, नदीच्या, छत्रीच्या. आपल्याकडे स्वतःविषयी बोलायचं तर आधी छत्री व्हावं लागतं. या छत्र्या सगळ्या एकाच घराण्यातल्या. दुकानात जन्म, पहिल्या पावसाचा आनंद, मग मालकाचा निष्काळजीपणा, शेवटी माळ्यावरच्या अडगळीत 'मुलांनो, माझ्यासारखी वेळ कुणावरही आणू नका' असं म्हणून प्राण सोडणं. पंचावन्न छत्र्यांचा करुण अंत तपासत मी स्टाफरूममध्ये बसलेली असायची, बाहेर खराखुरा पाऊस लागलेला असायचा, आणि माझी स्वतःची छत्री, एक काडी मोडलेली, कोपऱ्यात मुकाट निथळत असायची. तिला कधी कुणी बोलतं केलं नाही.

आणि 'मी पाहिलेला अपघात'! त्या विषयावर ठाण्यातल्या रस्त्यांवर दरवर्षी वर्गागणिक पन्नास-पंचावन्न अपघात व्हायचे, प्रत्येकात एक म्हातारे गृहस्थ आणि एक भरधाव ट्रक. एका वर्षी एका मुलानं लिहिलं, 'मी एकही अपघात पाहिलेला नाही. बाबांची गाडी उशिरा येते तेव्हा आई दारात उभी असते. मी आईला पाहतो.' एवढंच. जेमतेम तीन वाक्यं. मी त्याला दहापैकी तीन गुण दिले आणि शेजारी लाल शाईनं लिहिलं, 'विषयांतर'. ती लाल शाई अजून माझ्या बोटाला लागलेली आहे. अनुभवाचं लेखन म्हणून मी आयुष्यात जे काही तपासलं, त्यात खरं असं बहुधा तेवढंच होतं.

मी स्वतः आत्मचरित्रं वाचायला लागले ती लोकलमध्ये. घर डोंबिवलीत, शाळा ठाण्यात. कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, मग ठाणं. धीम्या गाडीनं पंचवीसेक मिनिटं. तिघींच्या बाकावर चौथीनं बसायचं हा बायकांच्या डब्यातला अलिखित कायदा आहे. 'जरा सरका ना' म्हटलं की तिघी वीतभर सरकतात आणि चौथी बसते, अर्धी बाकावर, अर्धी परमेश्वरावर. तिचा एक पाय गाडी सावरत असतो. खिडकी तिच्या वाट्याला येत नाही, पण डबा सगळा तिलाच दिसतो: कोण मटार सोलतंय, कोण रडून आलंय, कुणाच्या डब्यात आज मेथी आहे. खिडकीतल्या बाईला फक्त मुंब्र्याचा डोंगर दिसतो, आणि काच ओली असली तर स्वतःचं तोंड.

चौथ्या सीटवर बसून मी लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' वाचलं, कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयातून दादानं आणून दिलेलं. हे वाचनालय १८६४ सालचं, म्हणजे लक्ष्मीबाईंपेक्षाही वयानं चार वर्षांनी मोठं. त्या प्रतीच्या एका समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, 'आमच्याकडेही असेच.' खाली दुसऱ्या हस्ताक्षरात, 'आमच्याकडे याहून वाईट.' आणि त्याखाली निळ्या शाईनं, शाईनं बरं का, 'ग्रंथालयाच्या पुस्तकावर लिहू नये.' इतकी भरलेली सीट मी दुसरी पाहिली नाही. लक्ष्मीबाईंची जादू बहुधा यातच आहे की त्या आपल्याच आयुष्यात जरा सरकून बसतात. सोवळ्याच्या वेडानं घर हैराण करणारे वडील, कधी घर सोडून निघून जातील याचा नेम नसलेले नवरोजी, १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर झालेली ताटातूट, एवढं सगळं पुढ्यात असताना ही बाई खिडकी पकडून रडत बसत नाही. आपल्या फजितीला शेजारी बसवते, तिला हसते आणि वाचणारीला म्हणते, ये, तूही टेक. अक्षरओळख उशिरा झालेल्या या बाईनं १९३४ पासून छापलेल्या 'स्मृतिचित्रे'च्या भागांतून आमच्यासारख्या बी.एड.वाल्यांची शिकवणी घेतली, फी न घेता.

कल्याणचं नाव निघालंच आहे तर गोडसे भटजींना टाळून पुढे जाता येत नाही. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरावर कर्ज, म्हणून १८५७ साली काकांबरोबर उत्तरेला निघाले. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा बरी मिळेल एवढाच हिशेब. इतिहासाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. इतिहासच वाटेत त्यांच्या अंगावर येऊन पडला. झाशीच्या वेढ्यात ते शहरात अडकले, लुटले गेले, लपून राहिले. पुढे काल्पीकडच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना खुद्द राणी लक्ष्मीबाई भेटली, पुरुषी वेशात, तहानलेली. अशा प्रसंगी माझ्यासारखीनं निदान तीन पानं स्वतःच्या छातीची धडधड लिहिली असती. भटजी पाणी शेंदायला पुढे होतात, राणी त्यांना थांबवते, ओंजळीनं पाणी पिते, निघून जाते. आणि त्यांची चिंता पुन्हा रस्त्याकडे वळते. दक्षिणा तर लुटारूंनी नेलीच. घरी पोचले ते आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन.

हे सगळं त्यांनी लिहिलं ते फार नंतर, १८८३ च्या सुमाराला, आणि तेही आमच्या कल्याणात जन्मलेल्या चिंतामणराव वैद्यांनी लिहायला लावलं म्हणून. वैद्यांनी हस्तलिखित कित्येक वर्षं जपून ठेवलं, आपल्या हातानं दुरुस्त केलं आणि १९०७ साली 'माझा प्रवास' या नावानं छापलं. तेव्हा भटजी हयात नव्हते. भटजींचा मूळ मजकूर लोकांपुढे यायला १९६६ साल उजाडावं लागलं. तो दत्तो वामन पोतदारांनी छापला. म्हणजे मधली जवळजवळ साठ वर्षं मराठी माणूस 'माझा प्रवास' वाचत होता, त्यातल्या 'माझा'मध्ये वैद्यही थोडे बसलेले होते. मला यात चूक अशी काही वाटत नाही. पेपर तपासणाऱ्या बाईला दुरुस्त केलेलं वाक्य ओळखता येतं, आणि दुरुस्त करणाऱ्याची मायाही.

तर या सगळ्या थोरामोठ्यांना स्मरून मी पंधराशे शब्द लिहिले. प्रसंग माझ्याकडे राखून ठेवलेला होता, ठेवणीतल्या साडीसारखा. मी पाच वर्षांची असताना कल्याण स्टेशनवर हरवले होते. १९६२ ची नाताळची सुट्टी. आम्ही नाशिकहून ठाण्याला मावशीकडे निघालेलो, आई, दादा आणि मी. कल्याणला गाडी बदलायची. तिथं कर्जतकडचे आणि कसाऱ्याकडचे रूळ एकमेकांत असे गुंतलेले की वेणी घालायला बसलेल्या पोरीनं मध्येच मान हलवावी. मी आईचं बोट सोडलं. गर्दी, शिट्ट्या, वाफ. माझा लाल फ्रॉक. एका हमालानं मला उचलून ट्रंकेवर बसवलं, शेंगदाण्याची पुडी दिली. मग आई आली आणि मला पोटाशी धरून ओक्साबोक्शी रडली. शेवटच्या परिच्छेदात मी लिहिलं होतं की त्या दिवसापासून प्रत्येक फलाटावर माझ्यातली ती लहान मुलगी आईला शोधते आहे. वाचून माझे मलाच डोळे भरून आले. दहापैकी नऊ तरी दिलेच असते.

दादाला दाखवायला म्हणून कल्याणला गेले. तो पारनाक्याला राहतो, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, निवृत्तीनंतर वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचतो. त्यानं चष्मा लावून दोनदा वाचलं. मग चष्मा काढला, पुसला, आणि फार हळुवारपणे, आजारी माणसाशी बोलावं तसा म्हणाला, "अगं, हरवलो मी होतो."

"काहीतरीच काय!"

"मी इंजिन बघायला उतरलो ट्रंकेवरून. तू आईच्या कडेवर होतीस, नाक गळत होतं तुझं. आणि शेंगदाणे कसले? पेरू होता. आई मला शोधत आली तेव्हा तिच्या हातात पेरू होता, मीठ-तिखट लावलेला. मला दिला तिनं. अजून चव आहे तोंडात."

आम्ही दोघं सत्तरीच्या आसपासची माणसं तासभर भांडलो, हरवण्याच्या मालकीवरून. घर, सोनं, आईच्या बांगड्या यांची वाटणी बिनतक्रार झाली होती. पाय अडला तो इथं. वहिनी चहा ठेवून गेली आणि जाता जाता म्हणाली, मावशी अजून आहेत तोवर विचारून का घेत नाही? हे दोघांनाही सुचलं नव्हतं. आठवणीला साक्षीदार लागतो ही कल्पनाच मुळी आठवण काढणाऱ्याला आवडत नसते.

मावशी ठाण्याला, नौपाड्यात. सत्त्याऐंशी वर्षांची, आईची धाकटी बहीण. ऐकू जरा कमी येतं, पण जे ऐकायचं नसतं तेवढंच. दादाला घेऊन मी तिच्याकडे गेले आणि सगळा निबंध मोठ्यानं वाचून दाखवला. 'माझ्यातली लहान मुलगी'पाशी तिनं सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

"छान लिहिलंयस," ती म्हणाली. "पण हरवलं कुणीच नव्हतं तुमच्यातलं. तुम्ही दोघं ट्रंकेवर दगडासारखी बसून होतात. ताई सांगून गेली होती ना, हलायचं नाही म्हणून. शेजारी हमाल बसवला होता, लाल डगल्याचा."

माझ्या निबंधातला लाल फ्रॉक मी मनातल्या मनात उतरवला, घडी केली आणि हमालाला परत दिला.

"मग हरवलं कोण?" दादानं ओरडून विचारलं.

"ताई. ठाण्याची गाडी कुठल्या फलाटावर लागते ते बघायला गेली, पुलावरून उतरली ती भलत्याच फलाटावर. तिथं बाकावर जरा टेकली. समोर पेरूवाली होती. एक पेरू घेतला आणि खाल्ला."

"मग?"

"मग काय? खाल्ला. अख्खा." मावशीनं दोन्ही तळवे जोडून पेरूएवढी पोकळी करून दाखवली. "रात्री तुम्ही झोपल्यावर सांगत होती मला. लग्न झाल्यापासून फळ म्हणून अख्खं असं खाल्लंच नव्हतं तिनं. आधी सासूबाई, मग दीर, मग तुमचे बाबा, मग तुम्ही. हिच्या वाट्याला देठाकडची फोड. अर्धा तास बसून होती तिथं. म्हणाली, गाड्या येत होत्या, जात होत्या आणि मी कुठल्याच गाडीची नव्हते."

"रडत होती?" मी विचारलं. निदान माझं ओक्साबोक्शी तरी वाचावं असं मला वाटत होतं.

"छे! हसत होती. इतकी हसली की मी तिच्या तोंडावर हात ठेवला, माजघरात सासूबाई निजल्या होत्या माझ्या."

आई तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. माझी भाची आज त्या वयाची आहे आणि एकटी हिमालयात जाऊन येते. मी खिडकीबाहेर बघत बसले. मला आठवलं, २०१० साली ठाण्याला साहित्य संमेलन भरलं होतं, उत्तम कांबळे अध्यक्ष होते. त्यांच्या एका पुस्तकाचं नाव आहे 'आई समजून घेताना'. मी ते नाव वर्षानुवर्षं वाचलं होतं आणि त्यातल्या शेवटच्या शब्दावरून माझी नजर घसरत गेली होती. 'घेतल्यावर' नव्हे, 'घेताना'. व्याकरण शिकवलं होतं मी.

"हे सगळं छापणार आहेस का तू?" मावशीनं विचारलं.

"लिहू का?"

ती बराच वेळ सुपारी घोळवत राहिली. "लिही. पण पेरू चोरून खाल्ला असं काही लिहू नकोस हं. पैसे देऊन घेतला होता तिनं."

परतताना दुपारची धीमी गाडी मिळाली. दादा बरोबर म्हणून साध्याच डब्यात चढलो. दादाला खिडकी मिळाली, मी त्याच बाकावर चौथी, एक पाय बाहेर. मांडीवर ती वही. पंधराशे शब्दांतले आता खरे किती उरले ते मोजायला मी उघडली आणि मिटली. 'कल्याण', 'ट्रंक' आणि 'हमाल' तर नक्की होते. कळवा गेलं. मुंब्र्याच्या डोंगरावर ऊन होतं आणि उजेडात खाडी ताटलीसारखी स्वच्छ घासलेली दिसत होती. दादा बाहेर बघत होता, पण त्याला डोंगर दिसत नव्हता हे मला चौथ्या सीटवरूनही कळत होतं. दिवा आल्यावर तो मधल्या दोघांच्या डोक्यावरून वाकून म्हणाला, "वास मात्र येत होता गं तिच्या हाताला. तेवढं तरी खरं."

"येत असणार."

तो पुन्हा खिडकीकडे वळला. कोपर आलं, माणसं उतरली, मधली जागा झाली आणि मी सरकून त्याच्याजवळ बसले. साठ वर्षं ज्याची चव तोंडात जपली तो पेरू कुणी हातातून काढून घ्यावा, तसा तो आपल्या रिकाम्या तळव्याकडे बघत होता.

"पण मग," तो म्हणाला, "मीठ-तिखट कुठून आलं?"